टेकवाडीचे सत्तावीस खळगे

८ डिसेंबर, रविवार

ही वही आजपासून सुरू करतोय, ती मनातलं ओकायला नव्हे. मोठ्या संशोधकांची टिपणं त्यांच्यामागे छापली जातात आणि तारखा नसल्या की छापणाऱ्यांची पंचाईत होते. म्हणून तारीख ठळक घातली आहे.

गेवराईच्या महाविद्यालयात मी चौदा वर्षं इतिहास शिकवतोय आणि चौदा वर्षं सहायक प्राध्यापकच आहे. माझ्यामागून आलेला भूगोलवाला सहयोगी होऊन बसला, कारण त्याचे शोधनिबंध आहेत. कसले, तर पावसाच्या आकड्यांचे. असो. आज माझं नशीब उघडलं.

उमापूर रस्त्याला टेकवाडी म्हणून वस्ती आहे, तिथं एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. मुहूर्त साडेबाराचा, तीन वाजले तरी नवरदेव पारावरच नाचत होता. मी आडोसा बघत मागच्या माळावर चढलो (छापताना हे गाळावं) आणि समोर तो काळा सपाट खडक. खडकाच्या कडेनं खळग्यांची रांग. प्रत्येक खळगा नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा, आतून काचेसारखा गुळगुळीत. मोजले. सत्तावीस!

सत्तावीस नक्षत्रं! मी तिथंच मटकन बसलो. पँट खराब झाली, पण त्याचं काही नाही.

फाट्यावर चहाचं दुकान चालवणारा गहिनीनाथ मला शोधत वर आला होता. त्याला विचारलं, "हे किती जुनं रे?"

"असतंय की सर. लई दिसाचं."

"तुझ्या आजोबांच्या काळी होतं का?"

"आजा मला बघाया कुटं भेटला?"

स्थानिक परंपरेनुसार अतिप्राचीन, असं टिपून ठेवलं आहे.

एका खळग्यात बोट फिरवून चाटलं. का चाटलं ते सांगता येत नाही. खारट लागलं.

रात्री सत्यशीलाला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, कुणी जनावराला मीठ ठेवत असंल. आमच्या घाटनांदूरला म्हशीला ठेवायचे की दगडावर." मी एवढं आकाश उघडून दाखवतोय आणि हिची म्हैस मध्ये! बायको गणिताची शिक्षिका असली की असं होतं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१५ डिसेंबर, रविवार

सत्यशीलाचा शिवणाचा टेप घेऊन दिवसभर माळावर. निष्कर्ष इतके भराभर येतायत की हात पुरत नाही.

एक म्हणजे, दोन खळग्यांमधलं अंतर सारखं आहे. तेवीस सेंटिमीटर, फार तर बोटभर इकडंतिकडं. म्हणजे या लोकांकडं प्रमाणित माप होतं. लंडन-पॅरिसवाल्यांच्या आधी टेकवाडीवाल्यांकडं!

रांगेत चार ठिकाणी खळगा नाही, पण जागा सोडलेली आहे. बरोबर एका खळग्याची. हे काय असावं यावर दुपारी डबा खाता खाता विचार केला आणि तिसऱ्या घासाला सुचलं. ग्रहणं! आकाश झाकलं गेलं म्हणून खळगा पाडला नाही.

आणखी एक गंमत. तिसऱ्या मोकळ्या जागेपर्यंत वीस खळगे आहेत. तिच्यापुढचे सात मात्र वेगळे आहेत. अंतर एकदम घटून एकोणीस सेंटिमीटर होतं. खोलीही कमी. आणि अगदी शेवटचे दोन-तीन तर आतून खडबडीत, छन्नीच्या खुणा सरळ दिसतात. पहिल्यांवर हत्याराची एकही खूण नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. तिसऱ्या ग्रहणाच्या सुमाराला या संस्कृतीवर काहीतरी मोठा घाला पडला. परकीय आक्रमण असेल, साथ असेल. मापं बिघडली, हात ढिले पडले, कला ओसरली. त्या सात खळग्यांकडं बघताना मला खरंच वाईट वाटलं. एक अख्खी संस्कृती डोळ्यांसमोर मोडताना बघणं सोपं नाही.

मिठाचाही उलगडा झाला. समुद्र इथून कुठल्या कुठं. तेव्हा हा मिठाच्या व्यापाराचा पुरावाच.

परत आल्यावर सत्यशीलानं विचारलं, "तिथल्या कुणाला विचारलंत का?"

"माळावर कुणीही नाही," मी म्हणालो.

"आत्ता न्हाई, का कधीच न्हाई?"



१२ जानेवारी, रविवार

प्राचार्यांनी माझं टिपण आमच्या संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादा यांना दाखवलं. आज दादा स्वतः माळावर आले. दोन गाड्या, सहा माणसं. केवढा मोठा माणूस, पण इतिहासाची आस्था केवढी! खडक त्यांनी मिनिटभर पाहिला. मग तासभर माळ फिरून पाहिला. पलीकडं त्यांचाच ऊस आहे, तिथपर्यंत चालत गेले.

"सर, ही जमीन कुणाची?"

"गायरान आहे दादा."

"मग असं उघडं कावून ठेवायचं? उद्या कुणी दगड फोडून नेला तर?" दादांचा आवाज भरून आला होता, किंवा सर्दी असेल. "आपण वारसा संवर्धन समिती करू. तुम्ही सचिव."

माझ्या नावापुढं पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी जोडलं. घरी येताना पेढे आणले.

२ फेब्रुवारी, रविवार

परिषदेत निबंध वाचला. 'सत्तावीस नक्षत्रांचा खडक : गोदाकाठच्या एका विस्मृत संस्कृतीचं खगोलज्ञान.' ग्रहणांची गणितं एका ओळखीच्या संगणकवाल्याकडून करून घेतली होती. आधी जमत नव्हतं, पण काळ चारशे वर्षं मागंपुढं केल्यावर छान जमलं.

तिसऱ्या ग्रहणाला मी थोडा थांबलो. मग म्हणालो, "आकाश काळवंडलं. त्या अनामिक खगोलज्ञानं छन्नी खाली ठेवली. आणि पुन्हा ती उचलणारा हात... तो हात नव्हता!" सभागृहात टाळ्या. मागच्या रांगेतला भूगोलवालासुद्धा वाजवत होता, नाइलाजानं का होईना.

तालात म्हणून गेलो, पण वाक्य खरंच चांगलं होतं. निबंध नियतकालिकात छापून येणार. विद्यापीठाची निवड समिती जुलैत येईल, खडक बघेल आणि मगच माझ्या बढतीचं ठरवेल. त्यांनी प्राचीन म्हटलं की दादांच्या समितीलाही सरकारी मान्यता.

२० एप्रिल, रविवार

माळाला तार घातली. खडक सात मीटरचा आहे, तार बारा एकराला आहे. मी दादांना म्हणालो, एवढी कशाला? दादा म्हणाले, "सर, संस्कृती काय सात मीटरची असते का?" आत एका बाजूला उसाचं बेणं येऊन पडलंय आणि ठिबकच्या नळ्याही. विचारलं तर सुशोभीकरण म्हणाले. ऊस दिसायला हिरवाच असतो, हे खरं.

फाटकाच्या कुलपाच्या दोन किल्ल्या. एक दादांकडं, एक अभ्यासासाठी माझ्याकडं.

गहिनीनाथ चहा देताना उगाच घुटमळला. म्हणाला, "सर, मिरगाला मेंढरं येत्यात तिकडं."

"कुठली मेंढरं?"

"येत्यात दरसाल."

"त्यांना दुसरीकडून जायला सांग."

"सांगतो की," म्हणाला आणि कपबश्या विसळायला लागला. या लोकांना वारशाची किंमत नाही.

१५ जून, रविवार

सकाळी गहिनीनाथचा फोन. "सर, या बरं जरा. छबुबाई आलीया. फाटकापुढं बसलीया, उठंना."

गेलो. रस्त्यावर शे-सव्वाशे मेंढरं, एक घोडं, घोड्यावर बाडबिस्तरा, चार कोंबड्या आणि एक खाट. पन्नाशीला टेकलेली एक बाई तारेला पाठ लावून बसली होती. तिचा मुलगा रामेश्वर मेंढरं हाकारत होता. मेंढरं तारेपाशी जाऊन तोंड लावत होती, परत येत होती.

मी समजावून सांगितलं की हा दोन हजार वर्षांचा वारसा आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन हजार?"

"किमान."

"आन् आमी दिवाळीला गेलतो तवा तर न्हवता."

म्हणजे वारसा की तार, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं की दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन खाली बागायतीत जातात, शेतकऱ्यांच्या रानात बसवतात आणि मिरगाला परत इथं येतात. पावसाळाभर हाच माळ. दुसरीकडं सगळीकडं पेरा. "हितं शिरू दिलं न्हाई तर म्हैन्यात इकावी लागतील समदी. पोराच्या गळ्यातली घंटी सुदिक." पोर म्हणजे म्होरक्या मेंढ्याचं नाव असावं.

मी म्हणालो, समितीपुढं विषय ठेवतो. ती म्हणाली, "ठिवा." उठली नाही.

१८ जून, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. छापणारे काय करायचं ते करोत.

तास संपवून पुन्हा टेकवाडीला गेलो. छबुबाई तिथंच. पाल ठोकलं होतं, चुलीवर भाकरी. मेंढरं रस्त्याच्या कडेचं धुळीनं माखलेलं गवत ओरबाडत होती. ती म्हणाली, "सर, एक दिवस आत सोडा. मेंढरं ऱ्हाऊ द्या, मला एकटीला. औंदाचा खळगा पाडायचा हाय."

मी म्हणालो, "कसला खळगा?"

"खडकावरला. परत आलो म्हंजे एक पाडायचा, त्यात मीठ ठिवून म्होरक्याला पैलं चाटवायचं. मालकानं सुरू केलतं. म्हाळूनं. मी नांदाया आले त्या सालापासून."

मला वाटतं मी हसलो. मग म्हणालो, "बाई, तो खडक गुळगुळीत आहे. माणसाच्या हातानं तसा..."

"चाटून चाटून गुळगुळीत झालाय. येवढ्या जिबा, येवढी सालं. शेवटले अजून खरबरीतच हायेत, त्यास्नी दिस लागत्याल."

फाटक उघडलं. ती पुढं, मी मागं. खडकापाशी तिनं हात लावून लावून सांगितलं, आपण घरातली माणसं सांगतो तसं. हे पहिलं साल, माझ्या लगनाचं. हे रामेश्वर झाला ते. ही मोकळी जागा हाय ना, त्या साली रोग आला, निम्मी मेंढरं वाटंतच पुरली. नीट परत आलो न्हाई तर खळगा पाडायचा न्हाई, जागा सोडायची. ही दुसरी मोकळी दुष्काळाची, समदी इकून रिकाम्या हातानं आलो.

तिसऱ्या मोकळ्या जागेपाशी ती थांबली. मीही थांबलो. त्या जागेवर मी परिषदेत थांबलो होतो, टाळ्यांसाठी.

"हितं म्हाळू गेला. हायवेला ट्रकनं उडिवला, पहाटंचं कळप पार करताना. मेंढरं समदी वाचली बगा. त्यालाच धक्का."

मग तिनं त्या जागेच्या अलीकडच्या दोन खळग्यांमध्ये आपली वीत ठेवून दाखवली. पुरली नाही, बोटभर कमी पडली. पलीकडच्या खळग्यांमध्ये ठेवली. बरोबर बसली. "त्याचा हात मोटा व्हता. माजी वीत येवढीच. आन् छन्नी आदी कदी धरली न्हवती मी, म्हून उथळ झालेत."

चौथी मोकळी जागा कोरोनाची. तिकडंच अडकले होते, गावात कुणी घेतलं नाही.

मी माझ्या निबंधात लिहिलंय की मापं बिघडली, हात ढिले पडले. छापलंय ते. पान एकेचाळीस.

परत येताना गहिनीनाथच्या दुकानात गाडी थांबवली आणि त्याच्यावर ओरडलो. "सहा महिने मी इथं येतोय! सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं सर? तुमी सांगतच व्हता," तो म्हणाला. "आमाला वाटलं सर म्हंत्यात तर असंल दोन हजार. शिकलेल्या मानसाला खोटं कसं पाडायचं?"

त्यानं चहा पुढं केला. मी प्यायलो.

१९ जून, गुरुवार

झोप नाही. कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. विद्यापीठाची समिती यायला तीन आठवडेही नाहीत. चौदा वर्षं. मी काही खोटं बोललेलो नाही, मला माहीत नव्हतं. माहीत नसताना लिहिलेलं खोटं धरत नाहीत. आता माहीत आहे, पण आता मी लिहीत नाहीये.

हे सगळं सत्यशीलाला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मला वाटलं म्हैस काढेल. काढली नाही. एवढंच म्हणाली, "आणि तिची मेंढरं?"

"मी काय मेंढपाळ आहे का?"

"न्हाई. पण किल्ली तुमच्याकडं आहे."

२० जून, शुक्रवार

विजयसिंह दादांना भेटलो. आडून आडून म्हणालो की काही स्थानिक लोक खडकाबद्दल वेगळं बोलतात.

दादा म्हणाले, "स्थानिक म्हणजे ती धनगरीण? सर, तुमचा निबंध खोटा आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग झालं तर. समितीनं प्राचीन म्हटलं की तार कायमची. तुमची बढती माझ्या शब्दाबाहेर नाही. एक ध्यानात ठेवा, आपण दोघं एकाच दगडावर उभे आहोत."

चहा फार गोड होता. प्यायला लागला.

२२ जून, रविवार

किल्ली घेऊन सकाळी सात वाजता गेलो. मला चांगुलपणाचा झटका वगैरे आलेला नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. जाता-येता ती बाई फाटकाशी बसलेली दिसणार आणि मला त्याच रस्त्यानं जायचं असतं, एवढंच. शिवाय मी तिला एक तोडगाही सुचवला होता. म्हणालो, "यंदा जागा मोकळी सोडा की. चार आहेत, पाचवी होईल."

ती म्हणाली, "जागा सोडली म्हंजे त्या साली काईतरी वंगाळ झालं, असं व्हतंय. औंदा येक कोकरू सुदिक दगावलं न्हाई. खोटं कसं करू?"

संशोधनाच्या चर्चासत्रात इतकी वर्षं बसतोय, हे वाक्य कुणाकडून ऐकलं नव्हतं.

ती दिवसभर छन्नी मारत होती. मी सावलीला छत्री धरून उभा होतो. मधेच मला म्हणाली, "बसा की सर, कावून ताटकळता?" बसलो. संध्याकाळी खळगा झाला. तिनं कनवटीचं खडेमीठ त्यात टाकलं आणि म्होरक्याला एकट्याला आत घेतलं. त्या बोकडाएवढ्या मेंढ्यानं सावकाश, डोळे मिटून चाटलं. बाहेर तारेपलीकडं बाकीची मेंढरं ओरडत होती. छबुबाईनं पदरानं डोळे पुसले. मी छत्री मिटली.

२४ जून, मंगळवार

सत्यानाश! आज वर्गात नक्षत्रं शिकवता शिकवता लक्षात आलं. निबंधात सत्तावीस आहेत. खडकावर आता अठ्ठावीस आहेत. मी स्वतः छत्री धरून उभा होतो!

२५ जून, बुधवार

देव पावला. अभिजित! जुन्या गणनेत अठ्ठावीस नक्षत्रं होती, अठ्ठाविसावं अभिजित. निबंधाला पुरवणी जोडायची की नवीन साफसफाईत एक खळगा उघडकीला आला. उलट माझं म्हणणं आणखी पक्कं होतंय. सत्यशीलाला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"आणि पुढच्या साली एकोणतिसावा पाडला की?"

"पुढच्या वर्षी ती आत कशी येईल? तार आहे ना," मी म्हणालो. म्हणून गेलो. सत्यशीला उठून दिवा मालवून झोपली.

३ जुलै, गुरुवार

समिती आली. तिघंजण, प्रमुख निवृत्त प्राध्यापिका अंजना मॅडम. बारीक चण, उन्हाची टोपी, हातात भिंग. सोबत प्राचार्य, दादा, दादांची माणसं, हार, नारळ, ढोलसुद्धा. छबुबाई तारेबाहेर उभी. अठरा दिवस झाले, मेंढरांच्या फासळ्या दिसायला लागल्यात. रामेश्वरनं परवाच वीस नगांचा सौदा बोलून ठेवलाय, असं गहिनीनाथ सांगत होता.

मॅडमनी मोजले. "अठ्ठावीस आहेत. तुम्ही सत्तावीस लिहिलंय."

"अभिजित, मॅडम," मी म्हणालो. तोंडात तयारच होतं.

"अभिजित उत्तराषाढा आणि श्रवणाच्या मध्ये येतं. हा तर टोकाला आहे. आणि अगदी ताजा दिसतोय."

"त्याचं असं आहे की..." माझ्याकडं त्यावरही एक उत्तर होतं. माझ्याकडं कशावरही उत्तर असतं. दादा माझ्याकडं बघून मान हलवत होते, चालू द्या म्हणून.

मॅडम तोवर पुढं सरकल्या होत्या. तिसऱ्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "आणि हे तुमचं ते गाजलेलं तिसरं ग्रहण."

मी वर बघितलं. छबुबाई तारेला धरून त्या बोटाकडं बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर मी तिला गप्प करू शकलो असतो, मला त्याची सवय आहे.

"ग्रहण नाही," मी म्हणालो. "त्या साली म्हाळू वारले."

"कोण म्हाळू?"

"या बाईंचे मालक. हे वीस खळगे त्यांचे आहेत, पुढचे आठ यांचे. शेवटचा अकरा दिवसांपूर्वी पाडला, मी समोर होतो. हे मेंढरांना मीठ द्यायचे खळगे आहेत, मॅडम. एकतीस वर्षांपूर्वी सुरुवात झाली. माझा निबंध चूक आहे."

ढोलवाल्याला वाटलं भाषण संपलं. त्यानं दोन थापा मारल्या.

मॅडमनी टोपी काढली. खळग्यात बोट फिरवलं आणि चाटलं. मग कुणाशीही न बोलता फाटकाबाहेर गेल्या आणि छबुबाईला म्हणाल्या, "मावशी, मला सांगता का सगळं पहिल्यापासून?" तासभर त्या तिच्या पालात बसल्या होत्या. मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही ते त्यांनी पहिल्या वाक्यात विचारलं. मला त्यांचा रागच आला. खरं तेच लिहितो.

दादा गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही सहायकच बरे."

१९ जुलै, शनिवार

बढती नामंजूर. निबंध मागे घेतल्याची ओळ नियतकालिकात येणार. भूगोलवाला आज मला मुद्दाम चहाला घेऊन गेला आणि पावसाच्या आकड्यांबद्दल बोलला. लई मजा आली असेल त्याला.

समितीनं अहवालात लिहिलं की स्थळ प्राचीन नाही, वापरातलं गायरान आहे. मग तहसीलमधून दादांना विचारणा झाली की तार कशाच्या आधारावर. दादांनी दोन दिवसांत तार गुंडाळून नेली, ऊसही उपटला. गावात सांगतायत, मास्तरनं फसवलं. टेकवाडीचे लोकही आता सगळे म्हणतायत की आमाला पैल्यापासनं ठावं व्हतं. लोखंडी खांब तेवढे राहिलेत. मेंढरं त्यांना पाठ घासतात.

रामेश्वरनं सौदा मोडला. सव्वाशेच्या सव्वाशे माळावर आहेत.

सत्यशीलानं आज पुरणपोळी केली. कारण विचारलं तर म्हणाली, "डाळ उरली होती."

१० ऑगस्ट, रविवार

तीन आठवडे मनात एकच घोळतंय. आता खरी गोष्ट माझ्या हातात आहे! वीत हेच माप, मोकळी जागा हीच नोंद, एका घराचं एकतीस वर्षांचं पंचांग. याच्यावर निबंध झाला तर पहिला धुऊन निघेल. शीर्षकसुद्धा सुचलं. जुन्या निबंधाच्या छापील प्रतीवर, मागच्या कोऱ्या बाजूला, लिहून घेतलं आणि माळावर गेलो.

या वेळी विचारलं. आधी विचारलं, मगच बसलो.

छबुबाईनं ऐकून घेतलं. मेंढरं पार उतारापर्यंत पसरली होती. ती म्हणाली, "नगा ल्हेऊ सर."

"या वेळी खरं लिहीन. तुमचं नाव घालीन, म्हाळूंचं घालीन."

"तुमी येकदा ल्हेलं तर तार आली. आनिक ल्हेलं तर काय येईल, कुनाला ठावं?" आवाजात राग नव्हता. "आमचं ल्हेलेलं हाय की तितं. तेवढं बास झालं."

मी पेन खिशाला लावलं. नाही म्हणायला, ही वही आहे. पण ही वही छापायची नाही, असं आज ठरवलं. पहिल्या पानावर तसं लिहून सही केली आहे.

माळावरून मी उठताना तिनं विचारलं होतं, "येखादा कागूद हाय का वो? मीठ उरलंय, बांधून ठिवते."

खिशात तेवढाच होता. मी दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला, जाड आहे म्हणाली आणि त्यात खडेमीठ बांधून कनवटीला लावलं.